पेन्सिलीत आखलेला समुद्र

नोकरी लागल्यावर पहिले सात दिवस मी फक्त पेन्सिलींना टोक काढलं.

काटोलच्या आय.टी.आय.मधून नकाशे काढण्याचा कोर्स करून, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी नागपूरला आलो होतो. कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात मला अनुरेखक म्हणून घेतलं. म्हणजे मोठ्या माणसांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेषा वर गिरवायची. माझे वडील काटोलच्या संत्रा मंडईत हमाली करत. टेबलाशी बसून काम करणारा आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे पहिल्या दिवशी खुर्चीवर आपण होऊन बसायचं असतं की कुणी बस म्हणेपर्यंत थांबायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं. मी उभाच होतो. समोरच्या उंच, तिरप्या टेबलामागून एक गृहस्थ चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी एक पेन्सिल आणि अर्धं ब्लेड पुढं सरकवलं.

"टोक काढ."

मी काढलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून फिरवून पाहिलं.

"हे टोक नाही गा, खिळा आहे. पुन्हा काढ. आणि बसून काढ. उभ्यानं काहून काढतं?"

आठव्या दिवशी त्यांनी माझी पेन्सिल उजेडात धरली, आपल्या कानावर ठेवली आणि कामाला लागले. बाजूच्या टेबलावरचा कारकून मला म्हणाला, "पास झाला तू. माह्या वेळी पंधरा दिवस लागले होते."

ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणू लागलो. पुढं त्यांच्या घरी जाणंयेणं झालं तेव्हा त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणालो. भाऊंची बायको काकू कशी, हे त्या दोघांनी मला आजवर विचारलेलं नाही.

नकाशा आधी पेन्सिलीत काढायचा, तपासायचा आणि मग त्यावर शाई फिरवायची, ही आमच्या कामाची पद्धत. भाऊंचं तपासणं मात्र संपत नसे. त्यांच्या तोंडात एकच वाक्य असे, "सध्या पेन्सिलीत राहू दे." साहेब ओरडले तरी हेच, ठेकेदार दारात बसला तरी हेच. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. तारीख पक्की झाली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. पेढा तोंडात ठेवत ते म्हणाले, "तरी पेन्सिलीतच राहू दे." त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटे.

एकदा मौद्याकडच्या एका लहान कालव्याची शीट त्यांनी तीन महिने अडवून ठेवली. एका वळणाबद्दल त्यांना शंका होती. शेवटी एका रविवारी ते बसनं तिकडं गेले आणि कालव्याच्या काठानं चालत सगळं वळण पावलांनी मोजून आले. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. रस्ता असो की जिना, ते मनात मोजतच चालत. ऑफिसपासून चहाच्या टपरीपर्यंत दोनशे बारा पावलं होतात हे मला अजून पाठ आहे. सोमवारी साहेबांनी विचारलं, "मिळाली चूक?"

"नाही साहेब. नकाशा बरोबर होता."

"मग तीन महिने काय केलं?"

"बरोबर आहे हे काल समजलं ना."

पुढं ऑफिसात संगणक आले. नकाशे पडद्यावर निघू लागले आणि तिरपी टेबलं एकेक करून गच्चीच्या जिन्याखाली गेली. भाऊंचं मात्र कुणी हलवलं नाही. नवी मुलं पडद्यावर नकाशा काढत, छापत आणि शेवटी एकदा भाऊंच्या टेबलावर आणून ठेवत. भाऊ कानावरची पेन्सिल काढत आणि एखाद्या जागी बारीकसं प्रश्नचिन्ह करत. दहांपैकी चार वेळा ते प्रश्नचिन्ह खरं निघे. उरलेल्या सहा वेळांबद्दल कुणी त्यांना बोलत नसे.

त्यांचं घरही असंच होतं. वरचा मजला बांधण्याचा नकाशा पेन्सिलीत. काकूंना शेजारी बसवून फिरवता येईल अशी बाजूची सीट जोडलेली मोटारसायकल, तीही पेन्सिलीत, चाकांच्या मापासकट. काकू एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "लग्नही यायनं पेन्सिलीतच केलं असतं. माह्या बापानं लक्ष ठेवून शाई लावून घेतली, म्हणून मी इथं दिसून राहिली तुले."

भाऊ हसले. काकूही हसल्या, पण भाऊंपेक्षा लवकर थांबल्या.

या माणसानं मला एकदाच शाई वापरायला लावली. नोकरी करता करता मी बाहेरून बी.ए. करत होतो. दोन वर्षं निघाली, आणि तिसऱ्या वर्षी मुलगी झाली, वडिलांचं कंबरेचं दुखणं निघालं आणि मी ठरवलं की परीक्षा पुढच्या वर्षी. ही गोष्ट मी भाऊंना जेवणाच्या सुटीत सहज सांगितली. त्यांनी डबा बंद केला, ड्रॉवरमधून आपलं चांगलं पेन काढलं आणि म्हणाले, "फॉर्म आहे का जवळ?"

"बॅगेत आहे. पण भाऊ, सध्या राहू द्या म्हणतो मी."

"राहू द्या कायले? पुढच्या वर्षी म्हणणारा माणूस कसा दिसते ते पाहाचं आहे का तुले? मग माह्याकडं पाय. भर इथंच. माह्यासमोर."

मी फॉर्म भरला. सही करताना कागद सरकत होता, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी धरून ठेवला. निकाल लागला त्या दिवशी माझे वडील मंडईतून तसेच, डोक्याला फडकं बांधलेले, बसनं नागपूरला आले आणि भाऊंच्या पाया पडायला वाकले. भाऊ घाबरून खुर्चीमागं गेले. "अहो, हे काय करून राहिले तुम्ही! मी फक्त कागद धरला होता." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कागद धरणारं कुणी मिळालं नाही म्हणून राहून गेलेले दोघंतिघं माझ्याच गल्लीत आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

तर, समुद्र.

भाऊंनी समुद्र पाहिलेला नव्हता. आयुष्यभर धरण, कालवा, कालव्याची शाखा, तिच्या शेवटची चारी, एवढं पाणी त्यांनी कागदावर वाहवलं. आणि हे पाणी शेवटी कुठं जातं ते पायांनी चालत बघायचं, असं त्यांच्या मनात होतं. दापोलीच्या खालच्या एका गावापासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या काठाकाठानं चालायचं. अकरा शीट त्यांनी तयार केल्या होत्या. काठाची निळी रेषा, गावं, खाड्या, खाडीपलीकडं नेणारी होडी, म्हणजे तर, कुठं मिळते ते, सगळं त्यांच्या त्या बारीक अक्षरात. एकोणीस वर्षं त्या शीट गुंडाळून कपाटावर होत्या आणि दर दिवाळीच्या सुटीत खाली निघून तपासल्या जात होत्या.

ऑफिसातला एकजण त्यांना चिडवायचा, "भाऊ, आपल्या नागपूरचं पाणी तं गोदावरीतून तिकडच्या समुद्रात जाते. तुम्ही उलट्या बाजूनं चालले."

"माहीत आहे मले. तिकडची भाषा येत नाही."

ते निवृत्त झाले आणि माझं त्यांच्याशी नातं बदललं. दर रविवारी पहाटे आम्ही चालायला जाऊ लागलो. ते तयारी म्हणत. पाठीवरच्या पिशवीत जुन्या नकाशांचे गठ्ठे भरलेले, खिशात कांदा. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून आपल्याकडं कांदा ठेवतातच, भाऊ तो पौषातही ठेवत. फुटाळा तलावाला वळसा, नंतर अंबाझरी, पुढं पुढं तर थेट कळमेश्वरच्या रस्त्यानं. चालता चालता ते मला निम्म्या वयाचा समजत नसत, बरोबरीचा समजत. बायकोशी भांडण झालं की मी त्यांना सांगायचो. बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला नाही की ते मला सांगायचे. मला मित्र म्हणता येईल असा हा एकच माणूस, हे माझ्या बायकोनं माझ्या आधी ओळखलं.

अशी चार वर्षं तयारी झाली. मग एक दिवस काकूंनी मला फोन करून बोलावलं. भाऊ भाजी आणायला गेले होते.

"तुले रजा किती मिळते?"

"जाणं-येणं धरून दहा-बारा दिवस मिळतील."

"मग डिसेंबरची तिकिटं काढ. कोकणात जाणारी गाडी आहे ना इथून? तुझं जाण्याचं आणि परतीचं काढ. तुह्या भाऊंचं फक्त जाण्याचं."

"काकू, भाऊंना विचारलं का?"

"विचारलं तं पुन्हा कपाटावरून शीट निघतीन. काढ तू."

भाऊ आले. तिकिटं पाहून पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. "नवव्या शीटवर एक खाडी तपासाची राहिली आहे," ते म्हणाले.

"तिथंच जाऊन तपासा," काकू म्हणाल्या आणि पिशवीतली मेथी निवडायला बसल्या.

निघायच्या दिवशी स्टेशनवर भाऊ पाण्याची बाटली भरायला गेले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. "हे पाय. गुडघा दुखला, ताप आला, तं लगेच घेऊन ये. पण नकाशात चूक निघाली म्हणून परत चला म्हणतीन ना, तं आणू नको. मी चाळीस वर्षं पाहून राहिली. एकदा परत आले तर मग हे जात नाहीत. आणि जात नाहीत ते मग खिडकीत बसून राहतात. ते मले पाहवत नाही बापू."

मी हो म्हणालो. गाडीत बसल्यावर त्या 'हो'चं ओझं माझ्या पाठीवरच्या पिशवीपेक्षा जड वाटू लागलं.

समुद्र पहिल्यांदा एस.टी.च्या खिडकीतून दिसला. बराच वेळ भाऊ काचेला कपाळ लावून बघत होते. मग म्हणाले, "पाणी खूप आहे."

आमचं वेळापत्रक भाऊंनी महिनाभर खपून केलं होतं. पहाटे पाचला निघायचं, दहापर्यंत चालायचं, ऊन चढलं की सावलीत थांबायचं, चारला पुन्हा चालायचं. नागपुरात चालायचं तर असंच चालतात. मीही आठ दिवस फोनमध्ये तिथलं तापमान बघत होतो आणि रोज भाऊंना सांगत होतो, एकोणतीसच्या वर जात नाही. आम्ही दोघंही त्यावर खूश होतो.

तर पहाटे पाचला आम्ही निघालो. दोन बॅटऱ्या, दोन पिशव्या, एक कांदा. सव्वा तास मऊ वाळूतून चाललो. भाऊ मनात मोजत होते, मी त्यांच्या मागं. उजाडायला लागलं तेव्हा पुढं वाळू संपली. डोंगराचं एक नाक समुद्रात उतरलं होतं आणि त्याच्या पायथ्याशी, जिथं भाऊंच्या शीटवर निळ्या रेषेच्या आत चालायला चांगली दोन बोटं जागा होती, तिथं पाणी थेट कड्यावर आपटत होतं. आम्ही बघता बघता ते आमच्या बुटांपर्यंत आलं. आम्ही मागं सरलो. ते पुन्हा आलं.

वर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून एक बाई बसल्या होत्या. हातात लोखंडी आकडी आणि शेजारी टोपली. त्या कधीपासून आमच्याकडं बघत होत्या कोण जाणे.

"कुठं निघालाव एवढ्या लवकर?"

"पुढच्या गावाला," मी म्हणालो.

"पुढच्या गावाचा रस्ता वरून हाय. डांबरी."

"आमाले काठानंच जाचं आहे बाई," भाऊ म्हणाले. "डांबरीनं जाचं असतं तं कळमेश्वरले गेलो असतो."

"मग काठ बाहेर येईपर्यंत बसा की." त्या हसायला लागल्या. "भरती लागलीय आता. कुठचे तुम्ही?"

"नागपूर."

"तिकडं समुद्र नाय?"

"नाही."

"मग बरोबर," बाई म्हणाल्या.

भरती. ओहोटी. आम्ही दोघांनीही हे शब्द शाळेत शिकले होते. भाऊंनी चाळीस वर्षं पाणी आखलं होतं, पण ते कालव्यातलं पाणी. ते आखलेल्या रेषेत राहतं. वेळापत्रक करताना आम्ही सूर्याचा विचार केला, चंद्राचा कुणाच्या मनातही आला नाही.

भाऊंनी पहिली शीट उघडली. वाऱ्यानं ती फडफडत होती, मी एक बाजू धरली. ते बराच वेळ त्या निळ्या रेषेकडं आणि मग पाण्याकडं बघत होते.

"ही रेषा कोणत्या वेळची आहे तेच लिहिलं नाही मी," ते हळूच म्हणाले. "गल्ती झाली. एक रेषा भरतीची पाहिजे आणि एक ओहोटीची. अकराही शीटवर. दोन महिने लागतीन. परत जाऊ आणि नीट काढू. फेब्रुवारीत येऊ."

ते शांतपणे बोलत होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शीट गुंडाळताना त्यांनी ती नेहमीसारखीच काळजीनं गुंडाळली, आणि मला दिसलं की ते आताच घरी पोचलेत; टेबलाशी बसलेत, पेन्सिलीला टोक काढतायत.

"भाऊ, थोडं थांबून पाहू."

"थांबून काय होते? आज थांबू, उद्या? दर दिवशी वेळ सरकत असन. अंदाजानं चालणं म्हणजे चालणं नाही गा."

"मोबाइलवर असतील ना वेळा," मी म्हणालो आणि फोन काढला. डोंगराखाली इंटरनेट गोल गोल फिरत राहिलं.

बाई आमचं ऐकत होत्या. "त्यात काय बघायचंय?" त्या म्हणाल्या. "आज तिथी कुठची? तिथीची पाऊणपट करायची. येईल तेवढ्या वाजता पानी पुरं भरतं. मग सहा तास उतरतं. आमच्याकडं पोरंसोरंही सांगतील."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आम्ही बौद्ध, आमच्या घरी पौर्णिमा तेवढी पाळतात, मधल्या दिवसांची नावं मला ओळीनं येत नाहीत. आणि भाऊंच्या घरी कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं, म्हणजे ते काकूंचं खातं. भाऊंनी खांदे उडवले आणि पिशवी पाठीवर चढवली. दापोलीची एस.टी. किती वाजता, हे ते त्या बाईंनाच विचारू लागले.

मी काकूंना फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काकू, आज तिथी कोणती?"

"काहून? उपास धरून राहिले का दोघं?"

"सांगा ना काकू."

चपलांचा आवाज आला, मग भिंतीवरचं पान खसखसलं. "दशमी." आणि लगेच, "काय झालं? परत चला म्हणून राहिले ना?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं, पाणी, रेषा, फेब्रुवारी. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोन दे त्यायले."

भाऊंनी फोन कानाला लावला. मला काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मला वाटलं त्या रागावतील, नाहीतर रडतील. भाऊंच्या चेहऱ्यावरून मात्र दोन्ही दिसेना. ते मध्येच म्हणाले, "थांब वं, थांब. लिहून घेऊ दे." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मला खुणेनं कागद मागितला. माझ्या खिशात माझं तिकीट होतं. त्याच्या मागं त्यांनी लिहायला सुरुवात केली. दशमी. एकादशी. द्वादशी. काकू नागपूरच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून कॅलेंडरवरून एकेक दिवस वाचत होत्या, आणि भाऊ अरबी समुद्रासमोर वाळूत बसून ते लिहून घेत होते. पुढच्या महिन्याचं पान उलटल्याचं त्यांनी मला हळूच सांगितलं, "जानेवारी सुरू झाला."

फोन ठेवल्यावर त्यांनी पाऊणपट केली. दशमीची साडेसात. एकादशीची सव्वाआठ. असं करत ते खाली उतरत गेले आणि मध्येच थांबले.

"हे पाय. पौर्णिमेच्या बाजूले सकाळी पाच-सहाले ओहोटीच येते. म्हणजे चार-पाच दिवसांनी आपलं टाईमटेबल बरोबर होते."

"मग आज?"

भाऊंनी पिशवी पाठीवरून काढली, होडीला टेकवली आणि तिच्याजवळ बसले. मीही बसलो. बाईंनी आपल्या किटलीतला चहा आम्हाला झाकणात ओतून दिला. नागपुरात माणसं दुपारी काय करतात, असं त्यांनी विचारलं. "झोपतात," भाऊ म्हणाले. "तुम्ही?" "भरती बघून झोपतो," त्या म्हणाल्या. साडेसातला पाणी खरंच थांबलं. थोडा वेळ ते कुठंच गेलं नाही. मग ज्या दगडाकडं भाऊ टक लावून बसले होते त्याचं काळं डोकं वर आलं. भाऊंनी मांडीवर थाप मारली, आपलाच नकाशा बरोबर निघाल्यासारखी.

अकराला बाई उठल्या. त्यांना खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, काढायची होती. "या माझ्या मागून. हिरवं दिसेल तिथं पाय ठेवू नका," त्या म्हणाल्या. डोक्यावर चांगलं ऊन होतं. आमच्या वेळापत्रकात ही सावलीत बसायची वेळ होती. भाऊ पुढं झाले. दगडावरून दगडावर, मध्ये गुडघाभर पाणी, कुठं वाकून हात टेकत. अर्ध्यावर ते थांबले तेव्हा मी घाईनं त्यांच्याजवळ गेलो.

"काय झालं भाऊ?"

"पाऊल मोजता येत नाही इथं," ते म्हणाले. "कधी लहान पडते, कधी मोठं."

"मग?"

"मग काय? चाल."

संध्याकाळी आम्ही पुढच्या गावात पोचलो. गुडघ्याला तेल चोळत ते आम्ही उतरलो त्या घराच्या ओसरीवर बसले होते, पँट मांडीपर्यंत ओली, नाक उन्हानं लाल. पहिल्या दिवसाचं अंतर ठरल्यापेक्षा निम्मंच झालं होतं.

नंतरचे सात दिवस मी आयुष्यभर सांगत राहीन, पण इथं सगळं सांगत नाही. आम्ही भात आणि माशांच्या कालवणावर राहिलो. कालवण भाऊंना पहिल्या घासाला तिखट कमी वाटलं आणि चौथ्या घासाला आवडलं. एका खाडीवर तर नुकतीच पलीकडं गेली होती, तेव्हा काठावर थांबलेल्या तिच्या मालकानं आम्हाला बसवून ठेवलं आणि त्याच्या आजोबांनी कधीतरी पाहिलेल्या देवमाशाची गोष्ट सांगितली. भाऊंनी त्याला मोजमाप विचारलं, लांबी किती, रुंदी किती. नवव्या शीटवरची खाडी अजून लांब होती. मला तिथपर्यंत जाता येणार नव्हतं. माझी रजा संपत आली होती.

शेवटच्या दिवशी माझी एस.टी. नऊची होती. आदल्या संध्याकाळी भाऊंनी पुढची शीट उघडली नाही, तेव्हा मला वाटलं, माझ्याबरोबर परत निघायचं त्यांच्या मनात असेल. एकट्यानं पुढं जाणं सोपं नसतं. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथं एकटं सोडून जायला मला भीती वाटत होती.

सकाळी सहाला जाग आली तेव्हा ते बूट बांधत होते.

"साडेसातले पूर्ण ओहोटी आहे," ते म्हणाले. "पुढचं नाक तेव्हाच ओलांडता येते. तुले स्टँडवर सोडाले थांबलो तं पाणी चढते."

"एकटेच जाणार?"

"रस्त्यात माणसं आहेत ना गा. इतके दिवस काय पाहिलं मग?" ते उठून उभे राहिले, गुडघा एकदा वाकवून बघितला. "ऑफिसात सांग सगळ्यायले, भाऊ चालून राहिले म्हणून. आणि बापाले नमस्कार सांग."

एवढंच. पाठ थोपटणं नाही, डोळे ओले करणं नाही. मी ओसरीवरून बघत राहिलो. ओल्या वाळूतून ते भरभर गेले आणि खडकांपाशी पोचल्यावर वाकून, हात टेकत, नाहीसे झाले.

एस.टी. घाटात चढली तेव्हा फोन वाजला. काकू होत्या.

"निघाला का?"

"निघालो काकू. एस.टी.त आहे. उद्या संध्याकाळी पोचतो."

"एकटाच आहेस?"

"एकटाच. भाऊ सकाळीच पुढं गेले. मला सोडायलाही थांबले नाहीत."

मला वाटलं, घाटात फोन तुटला. मी दोनदा काकू, काकू म्हणालो.

"आहे, आहे," त्या म्हणाल्या. आवाज वेगळाच येत होता. "काल मी वांगे आणून ठेवले, भरताचे. मोठे मोठे. म्हटलं, हे काही पुढं जात नाहीत, तुह्याबरोबरच येतीन." त्या हसल्या, या वेळी बराच वेळ. "आता उद्या तूच ये जेवाले, बायको-पोरीले घेऊन. आणि त्यायले सांगू नको हं वांग्याचं."